आधी डेरा बुगटी, मग बुगटी मराठे

बलुचिस्तानातल्या मराठ्यांवर व्हिडिओ करणाऱ्या, व्याख्यानं देणाऱ्या आणि दर संक्रांतीला ते सगळं पुढे पाठवणाऱ्या समस्त मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

१४ जानेवारी जवळ आली की तुमचे व्हिडिओ फोनवर येऊन आदळू लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर. तुतारी वाजते, भगवा फडकतो, मग भलेमोठे पांढरे फेटे आणि घेरदार सलवारी घातलेली दाढीवाली माणसं दिसतात. निवेदकाचा गळा दाटून येतो. हे आपलं रक्त आहे, असं तो सांगतो. खाली प्रतिक्रियांमध्ये 'जय शिवराय'चा पाऊस पडतो आणि 'आपल्या बांधवांना परत आणा' अशी मागणी होते.

पहिल्यांदा हे सांगतो की मूळ गोष्टीबद्दल माझा वाद नाही. पानिपतानंतर अब्दालीने हजारो माणसं कैद करून नेली, हा इतिहास आहे. कलातचा खान मीर नसीर खान हा अब्दालीचा मांडलिक दोस्त होता. त्याच्या बलोच फौजांच्या वाट्याला यातले काही कैदी आले आणि ते बुगटी, मर्री अशा टोळ्यांमध्ये वाटले गेले, असं तिकडची परंपरा सांगते. पाकिस्तानच्या बलुचिस्तान प्रांतातल्या डेरा बुगटी जिल्ह्यात 'मऱ्हाटा' म्हणून ओळखले जाणारे लोक आजही आहेत. 'दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या' हे पानिपतच्या बातमीच्या चिठ्ठीतलं वाक्य आपल्याला तोंडपाठ असतं. पुढचा रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती त्या चिठ्ठीनेही केली नाही आणि आपणही अडीचशे वर्षं केली नाही. तुम्ही निदान त्या खुर्द्याची आठवण काढता, याबद्दल आभारच.

तक्रार वेगळी आहे. तुमच्या व्हिडिओत डेरा बुगटी हा जिल्हाच नसतो. नुसती एक पार्श्वभूमी असते, डोंगर आणि धूळ. जणू ती माणसं १७६१ पासून तिथे उभी राहून आपली वाट बघतायत.

तर थोडं जिल्ह्याबद्दल. क्षेत्रफळ साधारण १०,१६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या जवळपास. साताऱ्याची लोकसंख्या २०११ लाच तीस लाख होती. डेरा बुगटीची २०२३ च्या जनगणनेत साडेतीन लाखांच्या आसपास भरली. बाया-बाप्ये, म्हातारेकोतारे, सगळ्या टोळ्या, सगळे धर्म धरून. तुमच्यातले काही जण बुगटी मराठ्यांचे आकडे लाखांवर लाख चढवत नेतात, ते कोणत्या गणिताने? पाकिस्तानची जनगणना धर्म विचारते, मातृभाषा विचारते, टोळी विचारत नाही. मऱ्हाटा माणूस धर्माच्या रकान्यात इस्लाम सांगणार आणि भाषेच्या रकान्यात बलुची. त्याच्या शेजारचा बुगटीही तेच सांगणार. तेव्हा जो आकडा तुम्ही ठोकून देता तो कुठल्याच सरकारी कागदातून आलेला असू शकत नाही.

हा जिल्हा स्वतंत्र झाला १९८३ साली. त्याआधी इंग्रजांच्या कागदपत्रांत हा सगळा 'मर्री-बुगटी मुलूख' म्हणून ओळखला जाई आणि सिबीच्या साहेबाच्या देखरेखीखाली असे. मर्रींचं कोहलू उत्तरेला वेगळा जिल्हा झालं, बुगटींचा हा. पूर्वेला पंजाबचा राजनपूर, दक्षिणेला सिंधचा जेकबाबाद आणि काश्मोरकडचा भाग. जिल्ह्यात डेरा बुगटी, सुई, फेलावाघ अशा तहसिली, शिवाय बेकड, लोटी, पीरकोह, संगसिला ही ठाणी. वर डेप्युटी कमिशनर, खाली असिस्टंट कमिशनर, तहसीलदार, नायब तहसीलदार. उतरंड ओळखीची वाटेल, कारण घडवणारा इंग्रज एकच. पण त्या इंग्रजाने तिथे एक गोष्ट वेगळी केली आणि ती समजल्याशिवाय तिथल्या कुणाचंच आयुष्य समजत नाही, मऱ्हाट्यांचं तर नाहीच.

ती म्हणजे रॉबर्ट सँडेमनची पद्धत. हा डेरा गाझी खानचा डेप्युटी कमिशनर. १८६० च्या दशकात मर्री-बुगटी सरहद्दीवर लुटालूट करत होते. त्याने फौज पाठवत बसण्याऐवजी थेट टोळीप्रमुखांशी बोलणी केली. सरदाराला तनखा द्यायचा, त्याच्याच माणसांना पगारी रखवालदार नेमायचं आणि टोळीतला न्यायनिवाडा जिरग्यावर, म्हणजे टोळीच्या पंचायतीवर, सोपवायचा. हे रखवालदार म्हणजे लेवी. सरकार आणि माणूस यांच्या मधे सरदार कायमचा पक्का झाला. आजही बलुचिस्तानात 'ए एरिया' म्हणजे पोलिसांचा शहरी तुकडा आणि 'बी एरिया' म्हणजे लेवीचा बाकीचा अफाट मुलूख, अशी विभागणी सगळ्यांच्या तोंडी असते. मुशर्रफच्या काळात लेवी पोलिसांत घातल्या, २०१० च्या कायद्याने परत वेगळ्या केल्या, अलीकडे पुन्हा पोलिसांत विलीन करायला घेतल्या. सरदारी पद्धत भुट्टोंनी १९७६ साली कायद्याने रद्द केली. कागदावर ती गेली पन्नास वर्षं रद्दच आहे.

आता या चौकटीत मऱ्हाटा कुठे बसतो ते बघा. बुगटी ही एक टोळी, म्हणजे तुमन. तिचा प्रमुख तो तुमनदार, ज्याला लोक नवाब म्हणतात. तुमनाच्या खाली मोठ्या शाखा. राहेजा ही नवाबाच्या घराण्याची शाखा. मग मसूरी, कलपर, मोंद्रानी, शंबानी, नोथानी, फेरोजानी. प्रत्येक शाखेवर मुकद्दम, त्याखाली वडेरे. खून झाला, बाई पळाली, उंट चोरीला गेला, तर पहिला निवाडा यांच्यापुढे. आरोप नाकारणाऱ्याला निखाऱ्यांवरून चालायला लावून खरंखोटं ठरवण्याची रीत या भागातून अजून पुरती गेलेली नाही. तुमच्या व्हिडिओतला जो फेटेवाला मराठा आहे, तो या शाखांच्या शेजारी वेगळी शाखा म्हणून नव्हता. तो शाखेच्या खाली होता. कैदी वाटून घेतले गेले आणि ज्या शाखेकडे गेले तिच्या नावाने ओळखले गेले. कलपर मऱ्हाटे कलपरांचे, मसूरी मऱ्हाटे मसूरींचे. शाहू मऱ्हाटा म्हणवणारेही आहेत आणि तुम्हाला अर्थातच तेवढेच आवडतात. शेती करायची, गुरं राखायची, घरकाम करायचं आणि मालकी दुसऱ्याची. स्पष्ट शब्दांत, गुलामी. ती इंग्रजांच्या डोळ्यांदेखत चालू राहिली आणि पाकिस्तान झाल्यावरही लगेच संपली नाही.

हे तुमच्या व्हिडिओत का नसतं, हे मला कळतं. 'पराक्रमी मराठ्यांनी परक्या भूमीत आपली ओळख टिकवली' हे ऐकायला बरं वाटतं. खरी गोष्ट अशी की ती ओळख त्यांनी टिकवली त्यापेक्षा त्यांच्यावर चिकटवली गेली. मऱ्हाटा असणं म्हणजे बुगटी नसणं, आणि बुगटी नसणं म्हणजे जमिनीत, जिरग्यात आणि सोयरिकीत मागे राहणं. पिढ्यान्पिढ्या ज्या नावाने एखाद्याला खाली बसवलं गेलं, त्याच नावाचा जयजयकार आपण लांबून करतोय. आपल्याकडे जातीचं नाव घेऊन कुणाला हिणवलं जातं तेव्हा त्या नावाचा गौरव करण्याचा हक्क कुणाचा, हे आपल्याला बरोबर समजतं. सीमेपलीकडे गेलं की समजेनासं होतं.

आणि रक्ताचंच बोलायचं तर कोणाचं रक्त? पानिपतावर लढणाऱ्यांपेक्षा बुणगे जास्त होते. बाजारकरी, भोई, मोतद्दार, कारकून, उत्तरेची यात्रा घडेल म्हणून बरोबर आलेले यात्रेकरू, बायकापोरं. इब्राहिमखान गारद्याचे तेलंगी शिपाई होते. अठरापगड जातींचा तळ लुटला गेला आणि हाताला लागेल तो कैद झाला. उत्तरेत त्या सगळ्यांना एकच नाव होतं. आज तुमच्या प्रतिक्रियांमध्ये कुणी शहाण्णव कुळांचा हिशेब मांडतो, कुणी आडनावं जुळवतो. लग्नात हळद लावतात म्हणून पुरावा दिला जातो. अहो, हळदीचं उटणं पंजाबात लागतं, सिंधमध्ये लागतं.

पुढचा घोळ याहून मोठा आहे. डेरा बुगटीत आणि सुईत हिंदूही आहेत. जुने व्यापारी, दुकानदार, नवाबाच्या आश्रयाने राहिलेले. त्यांचा पानिपताशी काही संबंध नाही. तुमच्यातले बरेच जण मात्र हिंदू आणि मऱ्हाटा यांची सरमिसळ करून 'पाकिस्तानातले हिंदू मराठे' असं काहीतरी तयार करतात. मऱ्हाटे मुसलमान आहेत, तिथले हिंदू हे मराठे नाहीत, आणि दोघंही घरात, बाजारात बलुची बोलतात. मार्च २००५ मध्ये डेरा बुगटी गावात फ्रंटियर कोर हे सरकारी निमलष्करी दल आणि नवाबाची माणसं यांच्यात चकमक झाली. तोफमाऱ्यात नवाबाच्या वाड्याजवळच्या वस्तीतले हिंदू मेले, बायकामुलांसकट. एवढी मोठी गोष्ट, पण ती मी तुमच्यापैकी कुणाच्याही व्हिडिओत पाहिली नाही. त्यांचं मरण मराठा नव्हतं म्हणून असेल.

सुई हे नाव तरी ऐकलं असेल. १९५२ साली तिथे नैसर्गिक वायू सापडला, १९५५ पासून नळाने बाहेर जाऊ लागला. पाकिस्तानात कित्येक वर्षं चुलीच्या गॅसला नावच 'सुई गॅस' होतं. तो कराचीला गेला, पंजाबला गेला. बलुचिस्तानची राजधानी क्वेट्टा, तिथे पोचायला १९८० चं दशक उजाडलं. खुद्द डेरा बुगटी गावाला त्यानंतर. जिल्ह्यातल्या कित्येक वस्त्यांमध्ये बायका आजही लाकडं गोळा करतात, आणि नळ जमिनीखालून जातो. ज्या जमिनीतून हा वायू निघाला ती प्रामुख्याने कलपरांची. रॉयल्टी कुणाची, नोकऱ्या कुणाच्या, कंपनीशी बोलणार कोण, नवाब की कलपर, यातून राहेजा आणि कलपर यांच्यात रक्तपात झाला. १९९० च्या दशकात कलपर आणि मसूरी कुटुंबं जिल्ह्याबाहेर हाकलली गेली. २००५-०६ मध्ये फौज आली, नवाब अकबर बुगटी डोंगरात गेले आणि २६ ऑगस्ट २००६ रोजी कोहलूच्या डोंगरात मारले गेले. तेव्हा हाकललेले परत आले आणि नवाबाच्या बाजूचे हजारो लोक परागंदा झाले. २०२४ साली मुख्यमंत्री झालेले सरफराज बुगटी हे मसूरी. म्हणजे एकाच टोळीतली एक बाजू सरकारात, दुसऱ्या बाजूचे काही परदेशात आश्रयाला.

आता मला सांगा, 'बुगटी मराठे स्वातंत्र्यासाठी लढतायत' असं ठोकून देताना तुम्ही कोणत्या मऱ्हाट्यांबद्दल बोलता? जे कलपरांबरोबर गेले त्यांच्याबद्दल, की जे नवाबाबरोबर राहिले त्यांच्याबद्दल? की ज्यांना यातलं काहीच निवडायचं स्वातंत्र्य नव्हतं त्यांच्याबद्दल?

भाषेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथेही तुमची अपेक्षा भलतीच असते. कुणीतरी एखाद-दुसरा मराठीसारखा वाटणारा शब्द पकडतं आणि 'अजून मराठी बोलतात' असा मथळा होतो. बोलत नाहीत. बुगटी आणि मर्री बोलतात ती पूर्वेकडची बलुची, मकरान किनाऱ्याच्या किंवा नोश्कीकडच्या बलुचीपेक्षा बरीच वेगळी. शेजारून सिंधी आणि सराईकी घुसलेली. बाजूच्या बारखानमध्ये खेतरानांची बोली आणखी निराळी. दक्षिण-पश्चिमेला कलात, खुजदारकडे ब्राहुई, ती तर द्रविड कुळातली. शाळेत मात्र उर्दू. दोन माणसं वाटेत भेटली की आधी 'हाल' देण्याघेण्याची रीत आहे. कुठून आलास, वाटेत कोण भेटलं, पाऊस कुठे पडला, भांडण कुठे झालं, सगळं क्रमाने विचारायचं, सांगायचं. त्याशिवाय कामाचं बोलणं सुरू होत नाही. हे सगळं बलुचीत. आणि त्याच घरातलं पोर पहिलीत गेलं की पुस्तक उर्दूत.

अकबर बुगटी १९८९-९० मध्ये मुख्यमंत्री असताना प्राथमिक शाळेत बलुची, ब्राहुई, पश्तो सक्तीच्या करणारा कायदा १९९० साली झाला. सरकार बदललं आणि दोनेक वर्षांत तो गुंडाळला गेला. २०१४ साली डॉ. अब्दुल मलिक बलोच यांच्या सरकारने मातृभाषा हा जादा विषय म्हणून पुन्हा कायदा केला. शिक्षक आणि पुस्तकं यांचं रडगाणं मागे राहिलंच. मराठी शाळा बंद पडण्यावर हळहळणाऱ्या आपल्यासारख्यांना ही लढाई सहज कळायला हवी. मऱ्हाट्याच्या पोराचा भाषेचा प्रश्न काय असेल तर हा आहे. त्याला मोडी शिकवायची नाहीये.

आणि आता खरं कारण, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो.

१५ ऑगस्ट २०१६ रोजी लाल किल्ल्यावरून भारताच्या पंतप्रधानांनी बलुचिस्तानचा उल्लेख केला. आपल्याकडे टाळ्या पडल्या. तिकडे खुजदारमध्ये ब्रह्मदाग बुगटी, हरबियार मर्री आणि करीमा बलोच या परदेशात गेलेल्या बलोच नेत्यांवर, त्या भाषणाला पाठिंबा दिला म्हणून गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पाकिस्तानने कुलभूषण जाधव यांना बलुचिस्तानात पकडल्याचं जाहीर केलं होतं. भारताचं म्हणणं, त्यांना इराणातून पळवून नेलं. खरं-खोटं बाजूला ठेवा. एका मराठी आडनावाच्या माणसाला तिथे हेर म्हणून फाशीची शिक्षा झाली, हे लक्षात ठेवा. अलीकडे तर पाकिस्तान सरकार बलोच बंडखोरांना अधिकृतपणे 'फितना अल हिंदुस्तान' म्हणतं. माणसं बेपत्ता होणं हा बलुचिस्तानातला वर्षानुवर्षांचा, घराघरातला विषय आहे.

अशा मुलखात एक गरीब मऱ्हाटा गुराखी राहतो. तुम्ही त्याचा चेहरा दाखवता, गावाचं नाव लिहिता, त्याच्या तोंडून 'आम्ही मूळचे हिंदुस्तानचे' असं वदवून घेता किंवा त्याच्या बोलण्यावर तशी पट्टी लावता आणि मागे भगवा फडकवता. तुमच्या दृष्टीने हे प्रेम. तिथल्या चौकीवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने हा पुरावा. तुमचा व्हिडिओ तो बघत नाही, अशी समजूत असेल तर ती सोडा.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या व्हिडिओंत तिथल्या जिवंत माणसांचे चेहरे, नावं, गावं आहेत ते आजच काढून टाका. 'परत आणा' ही भाषा बंद करा. कुणालाही कुठून परत यायचं नाहीये. ती माणसं घरीच आहेत. पानिपतातल्या मराठ्यांचे वंशज म्हणवणाऱ्या हरियाणातल्या रोड मराठ्यांशी तुम्ही जाऊन भेटू शकता, जेवू शकता, तो वेगळा देश नाही आणि तिथे कुणाच्या जिवावर बेतत नाही. डेरा बुगटीचं तसं नाही.

इतिहासाचं काम करायचंच असेल तर ते पुण्यात बसून भरपूर आहे. कलातच्या दरबाराची भाषा फारसी होती. अब्दालीच्या स्वारीची साधनंही बहुतेक फारसीत. सेतुमाधवराव पगडींनंतर फारसी साधनांत बुडी मारून मराठीत लिहिणारे किती उरले? कैदी किती होते, कोणत्या वाटेने गेले, वाटणी कशी झाली, यावर नीट शोध घेणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला तुमच्या मंडळाने दोन वर्षांची शिष्यवृत्ती द्यावी. व्याख्यानमालेच्या मांडवाचा खर्च त्याहून फार कमी नसतो.

आणि त्या जिल्ह्याशी नातं आहे असं मनापासून वाटत असेल तर वर्षातून एकदा नाही, अधूनमधून तिथल्या बातम्या वाचा. २०२२ च्या उन्हाळ्यात पीरकोहला कॉलरा पसरला. लोक तळ्यातलं साठलेलं पाणी पीत होते, जनावरंही तेच पीत होती. बाजूला वायूच्या विहिरी. २०१७ साली कच्छी कालव्याच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. सिंधूचं पाणी तौंसा बंधाऱ्यापासून आणून डेरा बुगटीतली ७२ हजार एकर जमीन भिजवायची ही योजना. ओलिताखाली आलेली ती जमीन कुणाच्या नावावर लागणार, नवाबाच्या, वडेऱ्याच्या, की जो पिढ्यान्पिढ्या ती कसत आला त्या मऱ्हाट्याच्या? यावर व्हिडिओ करा. मी स्वतः पुढे पाठवीन.

उत्तराची अपेक्षा आहे. व्हिडिओ कधी उतरवताय तेवढं कळवा.

कळावे, लोभ असावा.

तुमच्याच ग्रुपवरचा एक सभासद